फादर माक्सिमिलियान कोल्बे: १४ ऑगस्टच्या प्रदर्शनासाठी मजकूर तपासून हवा

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. १४ ऑगस्टला आमच्याकडच्या वाचनालयात पोलंडचे कॅथलिक धर्मगुरू फादर कोल्बे यांच्यावर सहा फलकांचं छोटं प्रदर्शन आणि बारा मिनिटांचं भाषण आहे. ऐकायला नववी-दहावीची पोरं, रेल्वेतून निवृत्त झालेली मंडळी आणि रेल्वे वसाहतीतली काही कॅथलिक कुटुंबं असतील. मजकूर म्हणून मोबाईलवर फिरणारा एक उताराच हाती आलाय, तो असा:

"जर्मनीच्या छळछावणीत एका ज्यू कैद्याला वाचवण्यासाठी फादर कोल्बे स्वतः गॅस चेंबरमध्ये गेले. पळून गेलेला कैदी नंतर संडासाच्या खड्ड्यात मेलेला सापडला. पोपनी त्यांना १९७१ मध्ये हुतात्मा म्हणून संतपद दिलं."

चार शंका आहेत. यात खरं किती? 'हुतात्मा' म्हणावं की 'रक्तसाक्षी'? पोलिश नावं देवनागरीत कशी लिहायची? आणि ते भारतात येऊन गेले होते म्हणतात, ते खरं का? शिवाय त्यांच्या मासिकावर ज्यूद्वेषाचा आरोप आहे असं समितीतल्या एकांनी सांगितलंय. ते बोलावं की टाळावं?

---

गिरणाथडी

भाऊ, तीन वाक्यांत पाच चुका आहेत. उतारा दुरुस्त करत बसू नका, नव्यानं लिहा.

ज्यांचा जीव वाचला ते फ्रांचिशेक गायोव्ह्नीचेक ज्यू नव्हते. ते पोलिश सैन्यातले सार्जंट आणि स्वतः कॅथलिक. ज्यूला वाचवलं असं म्हटलं की गोष्ट मोठी वाटते, म्हणून कुणीतरी ते घुसडलं आणि पुढे तेच फिरत राहिलं.

'गॅस चेंबर' तर काढाच. कोल्बे गेले १४ ऑगस्ट १९४१ रोजी. ऑशविट्झमध्ये माणसांवर विषारी वायूचा पहिला मोठा प्रयोग झाला सप्टेंबर १९४१ च्या सुरुवातीला, आणि तो झाला त्याच इमारतीच्या तळघरात, जिथे कोल्बे तीन आठवड्यांपूर्वी मेले होते. बिर्केनाऊ ही ऑशविट्झची दुसरी, मोठी छावणी तेव्हा बांधायलाही घेतली नव्हती. त्यामुळे फलकावर बिर्केनाऊचं ते रुळांचं प्रवेशद्वार छापू नका. इंटरनेटवर 'ऑशविट्झ' शोधलं की पहिलं तेच चित्र येतं आणि भुसावळच्या प्रेक्षकांना रूळ आवडतील हे खरं, पण त्याचा कोल्बेंशी संबंध नाही. त्यांची छावणी म्हणजे ऑशविट्झ एक, लाल विटांच्या इमारतींची. 'जर्मनीच्या छावणीत' हेही मोघम आहे. छावणी जर्मनांची, पण जागा पोलंडमधल्या ओश्व्येंचिम गावाची. जर्मनांनी व्यापल्यावर त्या गावाचं नाव ऑशविट्झ केलं.

क्रम असा लिहा. १७ फेब्रुवारी १९४१ ला गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना मठातून उचललं. वॉर्साच्या पाव्हियाक तुरुंगात ठेवलं. २८ मे रोजी ऑशविट्झला आणलं. कैदी क्रमांक १६६७०. हा आकडा फलकावर मोठा घ्या, पण दोनदा वाचून. १६७७० असा चुकीचा छापलेला सर्रास दिसतो.

जुलैच्या अखेरीस त्यांच्या बराकीतला एक कैदी बेपत्ता झाला. त्या काळच्या नियमानं एका पळालेल्यामागे दहा जणांना उपासमारीनं मारायचं. हजेरीच्या मैदानात कैद्यांना तासन्‌तास उभं केलं आणि उपकमांडंट कार्ल फ्रिट्श यानं रांगांतून फिरत दहा जण निवडले. इथे बरेच जण मुख्य कमांडंट रुडॉल्फ ह्योस याचं नाव लिहितात, तेही चूक. गायोव्ह्नीचेक बायकामुलांच्या नावानं रडले. कोल्बे रांग सोडून पुढे आले, आपण कॅथलिक धर्मगुरू असल्याचं सांगितलं आणि त्याच्या जागी मला घ्या म्हणाले. फ्रिट्शनं मान्य केलं. नेमके शब्द अवतरणचिन्हांत टाकू नका. साक्षीदारांच्या सांगण्यात शब्द थोडे थोडे वेगळे आहेत, आशय एकच.

आता इमारत. दहा जणांना कोंडलं ती आज 'ब्लॉक ११' म्हणून ओळखली जाते. त्या वेळी तिला १३ नंबर होता. म्हणून एका पुस्तकात १३ आणि दुसऱ्यात ११ दिसलं तर दोन्ही बरोबर, फक्त फलकावर दोन्ही मिसळू नका. तळघरातली कोठडी क्रमांक १८. दोन आठवड्यांनी चौघं जिवंत उरले होते, त्यांत कोल्बे. कोठडी दुसऱ्या कामासाठी रिकामी हवी होती, म्हणून चौघांना डाव्या दंडात कार्बोलिक ॲसिडचं इंजेक्शन देऊन मारलं. कोल्बेंनी हात स्वतः पुढे केला. वय ४७. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, देह भट्टीत जाळला. त्या दिवशी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, हे कॅथलिक श्रोते लगेच ओळखतील.

'कार्बोलिक ॲसिड' किंवा 'फिनॉल' असंच लिहा. मराठीत काही ठिकाणी 'फिनाईलचं इंजेक्शन' छापलेलं असतं. वाचणाऱ्याला फरशी पुसायची बाटली आठवते आणि पोरं हसतात.

संडासाच्या खड्ड्याची गोष्ट गाळा. पळालेल्याचं पुढे काय झालं याबद्दल एकमेकांना छेद देणाऱ्या गोष्टी आहेत आणि आपल्या मजकुराला तिची गरजही नाही.

---

तापीकाठ (भुसावळ)

खूप आभार. एक शंका. दोन आठवडे अन्नाशिवाय समजू शकतो, पण पाण्याशिवाय? आपल्याकडे निर्जळी एकादशी करणारे लोक आहेत, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत एक दिवस कसा जातो ते त्यांना ठाऊक असतं. कुणीतरी विचारणारच.

---

गिरणाथडी

विचारणार, आणि उत्तर तयार ठेवा. ब्रुनो बोर्गोव्हिएच नावाचा पोलिश कैदी त्या इमारतीत लेखनिक आणि दुभाष्या म्हणून कामाला होता. मेलेल्यांना बाहेर काढायला त्याला रोज आत जावं लागे. कोठडीतून प्रार्थना आणि भजनं ऐकू यायची, शेजारच्या कोठड्यांतले कैदीही त्यात सूर मिळवायचे, हे त्यानंच युद्धानंतर शपथेवर सांगितलंय. त्याच साक्षीत आहे की कोठडीतली बादली नेहमी कोरडी असायची. म्हणजे कैदी स्वतःचं मूत्र पीत होते. दहावीच्या पोरांसमोर हे म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. 'बादली कोरडी असायची' एवढंच वाक्य पुरतं, मोठ्यांना उरलेलं कळतं.

तळघर होतं, ऊन नव्हतं, अंगाला काम नव्हतं, एवढं खरं. त्यापुढे वैद्यकीय स्पष्टीकरण देत बसू नका आणि चमत्कारही म्हणू नका. कॅथलिक चर्चनंही हा चमत्कार म्हणून मोजलेला नाही.

---

घाटाखालचा

हुतात्मा की रक्तसाक्षी, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. खुद्द रोममध्ये यावर अकरा वर्षं घोळ चालला होता.

आधी आपल्या शब्दाचं बघू. खान्देशात 'हुतात्मा' म्हटलं की डोळ्यांसमोर शिरीषकुमार येतो: नंदुरबार, ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा. म्हणजे देशासाठी, जुलमी सत्तेच्या गोळीनं मेलेला. मराठी कॅथलिकांचा, विशेषतः वसईकडचा, शब्द 'रक्तसाक्षी'. त्याचा अर्थ श्रद्धेची साक्ष रक्तानं देणारा, आणि चर्चच्या कायद्यात त्याला एक अट आहे: मारणाऱ्यानं श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलेलं असलं पाहिजे. मरणारा कितीही थोर असो, मारणाऱ्याचा हेतू तपासला जातो.

इथे पेच आला. फ्रिट्शनं कोल्बेंना निवडलंच नव्हतं, ते आपणहून पुढे आले. ते धर्मगुरू होते म्हणून त्यांना मारलं असं म्हणता येईना. म्हणून १७ ऑक्टोबर १९७१ ला सहावे पोप पॉल यांनी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते रक्तसाक्षी म्हणून नव्हे, तर 'श्रद्धेचा कबुलीदार' या वर्गात, म्हणजे रक्त न सांडता श्रद्धेची साक्ष देणाऱ्यांत. 'प्रेमाचा रक्तसाक्षी' असं पोप म्हणाले, पण तो गौरव झाला, कायद्याचा वर्ग नव्हे.

पुढे संतपदाच्या वेळी पोलंडचे बिशप आग्रह धरून बसले. नेमलेल्या जाणकारांचं मत प्रतिकूलच पडलं. तरी १० ऑक्टोबर १९८२ ला सेंट पीटर चौकात दुसरे पोप जॉन पॉल लाल वस्त्रं घालून बाहेर आले. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, लाल रंग रक्तसाक्षींचा असतो, त्यामुळे जाणत्यांना भाषणाआधीच निकाल कळला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा, की माणसाला माणूस न मानणारी व्यवस्था हाच श्रद्धेचा द्वेष आहे, मग अधिकाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी काय होतं हे शोधायची गरज नाही.

तेव्हा उताऱ्यातलं '१९७१, हुतात्मा, संतपद' हे तिन्ही बाजूंनी चुकलंय. १९७१ला धन्यवादित, कबुलीदार म्हणून. १९८२ला संत, रक्तसाक्षी म्हणून. दोन्ही समारंभांना गायोव्ह्नीचेक हजर होते. ते १९९५ पर्यंत जगले, त्र्याण्णव वर्षांचे होऊन गेले. ज्या मुलांसाठी ते रडले होते ती दोघं मुलं मात्र वडील छावणीतून सुटायच्या आधीच, १९४५ मध्ये, बाँबवर्षावात गेली. ही ओळ फलकावर नको. भाषणात शेवटाकडे, एका दमात सांगा आणि पुढे जा.

समितीत कुणाला हा वाद आवडला तर आणखी एक: ११ जुलै २०१७ ला पोप फ्रान्सिस यांनी संतपदाकडे जाणारी 'जीवार्पण' नावाची वेगळी वाट कायद्यात घातली, दुसऱ्यासाठी आपणहून मरण पत्करणाऱ्यांसाठी. ती १९७१ मध्ये असती तर कोल्बेंचं प्रकरण बहुधा तिथेच सरळ बसलं असतं. पण आता ते रक्तसाक्षी आहेत, वर्ग बदलत नाही.

फलकावर 'रक्तसाक्षी' घ्या आणि खाली लहान अक्षरात एका ओळीत अर्थ द्या. 'शहीद' नको, तो शब्द आता सीमेवरच्या जवानासाठी बसलाय.

---

मागावरचा (अमळनेर)

सगळे मरणाभोवतीच फिरताहेत. सहा फलकांतले पाच ऑशविट्झचे झाले तर माणूस कळणार नाही. एकच फलक छावणीचा ठेवा, फार तर दोन.

जन्म ८ जानेवारी १८९४, झ्दून्स्का वोला. वीणकरांचं गाव, आईबाप मागावर. खान्देशात हे समजावून सांगावं लागत नाही. मूळ नाव राइमुंड. माक्सिमिलियान हे मठात गेल्यावरचं. लहानपणी मरियेनं पांढरा आणि लाल असे दोन मुकुट दाखवले आणि त्यानं दोन्ही मागितले, ही प्रसिद्ध गोष्ट आईनं त्यांच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या पत्रातून आलीय. सांगा, पण 'आईनं सांगितलं' असं म्हणून सांगा.

रोममध्ये शिकले, तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या अशा दोन डॉक्टरेट. ऑक्टोबर १९१७ मध्ये तिथेच सहा सोबत्यांना घेऊन निष्कलंक मातेच्या, म्हणजे मरियेच्या, सेवकांची संघटना काढली. १९१८ मध्ये गुरुदीक्षा. क्षयानं फुप्फुसं आधीच पोखरलेली होती, आयुष्यभर.

त्यांचं खरं काम छापखान्याचं, हे पुष्कळांना माहीत नसतं. जानेवारी १९२२ मध्ये क्राकुफमध्ये 'निष्कलंक मातेचा सरदार' या अर्थाच्या नावाचं मासिक काढलं. पहिला अंक ५,००० प्रती, पैशांची बोंब. १९२७ मध्ये वॉर्साच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर एका सरदार घराण्यानं दिलेल्या जागेवर मठ वसवला, न्येपोकालानुफ, म्हणजे निष्कलंक मातेचं नगर. १९३९ पर्यंत तिथे साडेसातशेच्या वर माणसं राहत होती. छपाईचे खिळे जुळवणारे, छपाईयंत्र चालवणारे, गठ्ठे बांधणारे, मठाच्या अग्निशमन दलात धावणारे, सगळे ब्रदर. मासिकाचा खप साडेसात लाखांच्या पुढे. १९३५ला दैनिक, १९३८ला रेडिओ केंद्र. नाझींनी या माणसाला का उचललं याचं उत्तर याच फलकावर आहे. पोलंडमधले शिक्षक, वकील, धर्मगुरू, संपादक ही विचार करणारी फळीच संपवायचा त्यांचा बेत होता आणि हा गृहस्थ एकाच वेळी धर्मगुरूही होता आणि संपादकही.

जर्मनीतल्या दख्खाऊ छावणीचे आकडे सोबत द्या म्हणजे प्रमाण कळेल: तिथे २,७२० धर्मगुरू कैद होते, त्यांतले १,७८० पोलिश, त्या पोलिशांपैकी ८६८ मेले. कोल्बे एकटे नव्हते.

भारताचं खरं आहे. १९३० मध्ये ते जपानला नागासाकीला गेले, महिन्याभरात जपानी मासिक काढलं, पुढच्या वर्षी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर मठ बांधला. लोकांनी जागेला नावं ठेवली, पण ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबच्या वेळी मधल्या डोंगरामुळे मठ वाचला. तिथूनच १९३२ मध्ये ते केरळात एर्नाकुलमला आले. असाच मठ तिथे काढायचा होता, आर्चबिशपांशी बोलणीही झाली, पण मठ उभा राहिला नाही. खान्देशात आले नव्हते. तसं सुचवूसुद्धा नका. हवं तर एवढं म्हणा, की त्याच १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. श्रोत्यांना काळ लगेच पकडता येतो. बस, त्यापुढे तुलना ताणू नका.

---

पांझरा

आरोपाचं टाळू नका. तुम्ही टाळलं तर शेवटी कुणीतरी उठून विचारेल आणि मग सगळं भाषण खोटं वाटेल.

आरोपात तथ्य आहे. मठाच्या दैनिकात ज्यूविरोधी लेख येत होते आणि कोल्बेंच्या स्वतःच्या काही लिखाणात ज्यूंच्या कथित जागतिक कटाची बनावट कागदपत्रं खरी मानून उल्लेख आहेत. त्या काळच्या पोलिश कॅथलिक वृत्तपत्रांत ते सर्रास होतं, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. दुसरी बाजूही कागदावर आहे: १९३५ मध्ये नागासाकीहून त्यांनी संपादकांना लिहिलं, की ज्यूंबद्दल लिहिताना वाचकांच्या मनातला द्वेष भडकणार नाही याची काळजी घ्या. आणि डिसेंबर १९३९ मध्ये जर्मनांच्या पहिल्या कैदेतून सुटून आल्यावर मठात सुमारे तीन हजार निर्वासितांना आसरा दिला, त्यांत ज्यू मोठ्या संख्येनं होते.

भाषणात एक मिनिट द्या. दोन्ही गोष्टी एकापुढे एक, 'पण' न लावता. एकीनं दुसरी पुसली जात नाही.

अजून एक. वडिलांकडून घराणं जर्मन वंशाचं होतं, 'कोल्बे' हे आडनावच जर्मन. नाझींच्या जर्मन वंशाच्या यादीत सही केली असती तर सवलती मिळाल्या असत्या. त्यांनी केली नाही.

---

घाटाखालचा

पांझरा यांच्याशी सहमत. चित्रांबद्दल राहिलं: झगा तपकिरी रंगवू नका. फ्रान्सिस्कन या कॅथलिक साधूसंघाच्या तीन शाखा आहेत, कोल्बे कॉन्व्हेंच्युअल शाखेचे, त्यांचा झगा तेव्हा काळा, कमरेला पांढरी दोरी. तपकिरी झगा दिसला की समजायचं चित्रकारानं दुसऱ्याच शाखेचा नमुना उचललाय. आणि पट्टेरी कपड्यातलं जे चित्र सगळीकडे आहे ते रंगवलेलं आहे, त्याखाली 'छायाचित्र' छापू नका. जपानच्या काळातला लांब दाढी आणि गोल चष्म्याचा फोटो घ्या.

टिटस ब्रँड्स्मा यांच्याशी गल्लत होते, तीही सांभाळा. ते कार्मेलाईट साधूसंघाचे डच फादर, पत्रकारांचे सल्लागार, त्यांनाही कार्बोलिक ॲसिडचंच इंजेक्शन, पण दख्खाऊला, २६ जुलै १९४२ रोजी. संतपद २०२२ मध्ये. दोघांचे फोटो एकमेकांच्या नावाखाली फिरतात.

---

अक्षरजुळारी (जळगाव)

नावांचं आणि छपाईचं मी सांगतो, कारण सगळा घोळ शेवटी फ्लेक्सच्या दुकानात होतो.

पोलिश नावांना मराठी इंग्रजीपेक्षा सोयीची. पोलिशमध्ये दोन 'च' आहेत, आपल्यासारखेच. गायोव्ह्नीचेकमधला 'च' चहातला. बोर्गोव्हिएचच्या शेवटचा 'च' चाकातला. झ्दून्स्कामधला 'झ' झाडातला, झेंड्यातला नव्हे. इंग्रजी स्पेलिंग वाचून 'गाजोनिझेक' लिहिलेलं बघितलंय, ते टाळा. शेवटचा 'व' पोलिशमध्ये 'फ' होतो, म्हणून क्राकुफ, न्येपोकालानुफ. कोल्बे सरळ, 'कोल्ब' नाही.

मजकूर मोबाईलवर युनिकोडमध्ये टाईप कराल. दुकानातलं सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी जुन्या फाँटवर चालतं, आणि रूपांतरात 'ऑ', 'ॲ', 'ह्यो', 'व्ह्नी', 'झ्दू' हेच आधी फुटतात. ऑशविट्झचं 'आशविट्झ' होतं, ॲसिडचं 'असिड'. आकडेही उडतात, १६६७० च्या जागी चौकोन येतो. उपाय: मजकूर पीडीएफ करून द्या, म्हणजे दुकानदाराला अक्षरांना हात लावायला नको. त्याला टाईप करायचाच असेल तर पहिला प्रूफ कागदावर मागा, मोबाईलच्या पडद्यावर पास करू नका.

तीन बाय दोन फुटांच्या फलकाला दीडशे शब्दांपेक्षा जास्त नको, चार फुटांवरून वाचता आलं पाहिजे. भाषण सावकाश केलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द, म्हणजे बारा मिनिटांना तेराशेच्या आत बसवा. आणि १३ तारखेला प्रिंट घ्यायला जाऊ नका. १५ ऑगस्टच्या बॅनरांनी दुकानं तुंबलेली असतात. दहापर्यंत फाईल द्या.

---

तापीकाठ (भुसावळ)

बठ्ठं ध्यानात आलं, भाऊ. फलक असे ठरवलेत: मागावरचं घर आणि रोम; छापखान्याचं नगर; नागासाकी आणि एर्नाकुलम; युद्ध, निर्वासित आणि तो आरोप; छावणी; सहावा 'रक्तसाक्षी म्हणजे काय'. पाचव्या फलकावर वर १६६७०, खाली तारखा, आणि 'बादली कोरडी असायची' ही ओळ ठेवतोय. फाईल आठ तारखेला दुकानात देतो. पीडीएफच.